चरकातून निघालेली कमान

आमच्या गल्लीत शालूबाईंना रिकामं बसलेलं कुणी पाहिलं असेल, तर त्यानं येऊन मला सांगावं. मी त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहते, पण मला काही तो योग आलेला नाही. रंकाळा तलावाच्या वाटेवर त्यांची रसवंती होती. हातानं फिरवायचा लोखंडी चरक, चाकाला घुंगरं, आणि चाकामागं शालूबाई. गिऱ्हाईक रस पिऊन "झकास" म्हणालं की त्या म्हणायच्या, "ते ठावं हाय मला. लिंबू जादा पिळू का?"

पुढं ती जागा गेली, तिथं दुकानांची इमारत उभी राहिली आणि चरक घरी पडवीत येऊन बसला. त्यांचे यजमान आकारामभाऊ यांच्या डोळ्यांत तो पहिल्या दिवसापासून सलत होता. येता-जाता गुडघ्याला लागायचा, हे एक. दुसरं म्हणजे भाऊंना साखरेचा आजार निघालेला, त्यामुळं घरात उसाचं नावच बंद. "भंगारात घालूया की," असं ते सकाळच्या चहाला म्हणायचे, आणि शालूबाई त्यांच्या बिनसाखरेच्या चहाकडं बघायच्या.

मिठाईचे खोके बनवणाऱ्या एका कारखान्यात शालूबाई कुणाचा तरी जेवणाचा डबा द्यायला गेल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या. धारदार पात्यांचा साचा, त्यावर पुठ्ठा, आणि दोन रुळांमधून दाबून काढले की खोक्याचा आकार कापून तयार. घरी आल्या त्या थेट चरकापाशी. मला हाक मारून म्हणाल्या, "ह्यो तरी दुसरं काय करतोय? दाबायचंच की."

समोरच्या रत्नव्वांचा मुलगा महांतेश उद्यमनगरात वर्कशॉप चालवतो. त्यानं रुळांमधली फट कमी-जास्त करायला स्क्रू बसवला आणि लोखंडी पट्ट्या वाकवून साचे करून दिले. मोर, कमळ, आंब्याचं पान. पुठ्ठा गल्लीतूनच गोळा झाला. टीव्हीचे, साबणाचे, पंख्यांचे खोके. थर्माकोलच्या मखराचा मला मनापासून राग आहे. दरवर्षी तेच पांढरं कुरकुरीत भूत घरात आणायचं आणि नंतर कुठं टाकायचं म्हणून तोंड लपवत फिरायचं. म्हणून मी माझा फ्रिजचा खोकाही देऊन टाकला. शालूबाई चाक फिरवायच्या, घुंगरं वाजायची आणि पलीकडून मोर बाहेर पडायचा. गल्लीतली माणसं सवयीनं विचारायला यायची, "रस चालू झाला का?"

आकारामभाऊंनी मात्र अट घातली. "गौरी-गणपतीपतोर बघू. चार घरची कामं आली तर ऱ्हाऊ दे. न्हाय तर विसर्जन झालं की भंगारवाला." शालूबाई "बरं" म्हणाल्या. एवढं लहान "बरं" मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

पहिलं काम रत्नव्वांचं मिळालं. गौरीसाठी कमान, दोन्ही बाजूंना मोर. रत्नव्वांची गौर बघायला अख्खी गल्ली लोटते. तिथं नाव झालं तर नवरात्र आणि दिवाळीची कामं आपसूक येणार, हे शालूबाईंना पक्कं माहीत होतं. कापलेले तुकडे चरकाखाली रचून त्या पापाच्या तिकटीच्या बाजारात रंग आणायला गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी कमान रंगवून, जोडून उभी केली. खोटं कशाला बोलू, मला तर रडूच आलं. माझ्या फ्रिजच्या खोक्याचा मोर झाला होता.

गौरीच्या जेवणाच्या दिवशी आम्ही बायका हळदीकुंकवाला जमलो, तेव्हा कमानीवर मुंग्यांची रांग लागली होती. काळ्याभोर मुंग्या, मोराच्या पायापासून थेट तुऱ्यापर्यंत.

रत्नव्वांचा चेहरा उतरला. "शालक्का, हे काय गं? पुरणाच्या ताटाकडं निघाल्यात की."

कोपऱ्यातल्या बयाबाईंनी कपाळाला हात लावला. "काळ्या मुंग्या हायत. लक्ष्मी आली, लक्ष्मी. हात लावू नगा." झालं. दोघी-तिघींनी लगेच पदर सावरून नमस्कार केला. शालूबाई गप्प राहिल्या असत्या तर त्याच दिवशी गल्लीतल्या प्रत्येक घरी मुंग्यांची कमान गेली असती.

पण त्या पुढं झाल्या, मोराच्या कडेवर बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. मग म्हणाल्या, "लक्ष्मी न्हाय. उसाचा रस हाय. आलं घातल्याला."

सगळ्या हसल्या, पण शालूबाई हसल्या नाहीत. "चरक मी सोड्याच्या पाण्यानं धुतलाय. साचे बसवल्यापास्नं त्यात ऊस गेलाच न्हाय."

मला गप्प बसवेना. "अहो, परवा दुपारी तर घुंगरं वाजत होती. मला वाटलं, तुम्ही मोर कापताय."

"परवा दुपारी मी तिकटीला गेलते," शालूबाई म्हणाल्या, आणि आम्हा दोघींना एकदमच उमगलं. आकारामभाऊ त्याच सकाळी भाच्याच्या शेतातून गौरीसाठी केळीचे खुंट घेऊन आले होते. त्या खुंटांत उसाची दोन कांडी लपवायला किती जागा लागते? आणि मोराचे तुकडे तर चरकाखालीच रचलेले होते.

कमान उचलून मागच्या अंगणात नेली. रत्नव्वा कडक शब्दांत काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवशी दुसरं कामही कुणी दिलं नाही. घरी येऊन शालूबाईंनी चरकाचा स्क्रू बघितला. त्या ठेवतात त्याहून दोन वेढे जास्त आवळलेला. भाऊ कॉटवर पेपर धरून बसले होते.

"अवो, किती पिलासा?"

भाऊंनी पेपर आणखी वर धरला. मग म्हणाले, "अर्धा गिलास. पण प्यायचा म्हणून न्हाय गाळला. पुठ्ठ्यावर घुंगरं नीट वाजत न्हाईत गं. ऊस असला की चाक जड जातंय, मग कशी दमानं वाजत्यात. तेवढं ऐकायचं हुतं एकदा." पेपरची घडी घालत पुढं म्हणाले, "गाळल्यावर मग टाकवंना."

विसर्जन झालं आणि ठरल्याप्रमाणं भंगारवाला दारात आला. अट भाऊंनीच घातली होती, आणि ते अटीनुसार जिंकले होते. शालूबाई पडवीतनं बाजूला झाल्या. मी भिंतीपलीकडून बघत होते आणि मनात भाऊंना नको नको ते बोलत होते.

"पावणं, काय न्यायचं हाय?" भंगारवाल्यानं विचारलं.

भाऊंनी चरकावर हात ठेवला. "काय न्हाय. रिकामी बाटली असली तर बघतो. ह्यो न्हाय, ह्यो कामाचा हाय."

तेव्हापासून संध्याकाळी चरक धुवायचं काम भाऊंकडं आहे. सोड्याचं गरम पाणी, आणि शालूबाई शेजारी उभ्या. रत्नव्वांनी कमान पुसून ठेवून दिली आहे, दिवाळीला आकाशकंदीलही सांगितलाय. फक्त कापताना घरात भाऊ नसावेत, एवढंच त्यांचं म्हणणं आहे. आणि कधीतरी दुपारी, गल्ली पेंगत असताना, भिंतीपलीकडून घुंगरं दमानं वाजतात. दोघंही घरातच असतात. मी विचारायला जात नाही.