फाइलमधलं हॉटेल

‘बाईंना पायऱ्या चढता येतात का? येत असतील तर किती?’

रविवारी सकाळी ऑफिसात येऊन पहिला मेल उघडला, तर हा. पाठवणारी बाई पोर्तुगालमधल्या एव्होरा नावाच्या जुन्या, तटबंदीच्या गावातली. तिचं तिथे आठ खोल्यांचं हॉटेल. मेल वाचून मी चहाचा कप खाली ठेवला. कारण ज्या बाईंच्या पायऱ्यांची ती इतकी चौकशी करत होती, त्या तिच्याकडे जाणारच नव्हत्या.

मी कतारला, दोह्याच्या अल सद्द भागातल्या एका ट्रॅव्हल ऑफिसात व्हिसा डेस्क सांभाळते. अठरा वर्षं झाली. युरोपचा व्हिसा मागताना प्रत्येक रात्र कुठे काढणार, त्याचा कागद फाइलला जोडावा लागतो. शिवाय ज्या देशात जास्त रात्री, त्याच देशाकडे अर्ज करायचा, असा नियम. आता गंमत अशी, की आमच्या लोकांना जायचं असतं स्वित्झर्लंडला नि पॅरिसला, आणि नेमक्या तिथल्याच अपॉइंटमेंट मिळत नाहीत. मग ज्या देशाची मिळते, त्या देशात कागदोपत्री मुक्काम दाखवायचा. फुकटात कॅन्सल होणारं हॉटेल बुक करायचं आणि व्हिसा हातात पडला की उडवायचं. याला आमच्यात ‘डमी बुकिंग’ म्हणतात. गल्फमधल्या कुठल्याही ट्रॅव्हलवाल्याला विचारा, तो सांगेल, आम्ही असलं करत नाही. मीही तेच सांगायची.

ही फाइल दातारांची होती. दातारसाहेब दोह्याबाहेर, वाळवंटातल्या मेसईदच्या एका खत कारखान्यात तीस वर्षं मेंटेनन्सला. डिसेंबरात रिटायर होणार. नोकरी संपली की इथलं रेसिडेन्स परमिटही संपतं, मग सामान बांधून पुणे. म्हणून जाण्याआधी युरोप बघून घ्यायचा, हा इथल्या बऱ्याच लोकांचा शेवटचा कार्यक्रम असतो. पत्नी वैजयंतीताई. मागच्या वर्षी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, हातात काठी. दातारांचा बेत पाच रात्री स्वित्झर्लंड आणि पाच रात्री पॅरिस असा होता. अपॉइंटमेंट मिळाली फक्त पोर्तुगालची. तेव्हा मी फाइलमध्ये लावलं: पाच रात्री एव्होरा, तीन स्वित्झर्लंड, दोन पॅरिस.

कामात मी चोख. डमी असलं तरी ते खरं दिसलं पाहिजे, हा माझा बाणा. बुकिंगच्या फॉर्ममध्ये खाली ‘खास विनंती’ची एक चौकट असते. बाकीचे ती रिकामी सोडतात. मी लिहिलं: ‘वयस्कर जोडपं. बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आहे, खोली तळमजल्यावर मिळाली तर बरं. दोघंही शाकाहारी.’

आमचे मालक सिराजभाई रत्नागिरीचे. ते एकदा म्हणाले होते, ‘म्याडम, तुमची खोटी बुकिंगं आमच्या खऱ्यांपेक्षा चांगली दिसतात.’ ते मी कौतुक म्हणून घेतलं होतं.

तर त्या चौकटीला उत्तर म्हणून हा मेल आला. खाली नाव, ग्रासा. एरवी मी दुर्लक्ष केलं असतं. पण कधीकधी एम्बसीतून हॉटेलला फोन जातो, ही माणसं खरंच येणार आहेत का म्हणून. हॉटेलवालीच ‘कोण जाणे, उत्तरच देत नाहीत’ म्हणाली, तर फाइल पडली. म्हणून लिहिलं, ‘तीन-चार पायऱ्या, कठड्याला धरून.’

मंगळवारी दुसरा मेल. ‘शाकाहारी म्हणजे अंडं चालतं का? आमच्या हिरव्या सूपमध्ये सॉसेज घालतात, ते मी काढून टाकीन.’ मी लिहिलं, ‘अंडं चालतं, सॉसेज नको.’

गुरुवारी तिसरा. ‘सकाळी बाईंना काय लागतं आणि किती वाजता?’

आता वैजयंतीताई सकाळी काय घेतात, हे मला काय ठाऊक? त्यांना फोन करून विचारणार तरी काय, की तुम्ही जिथे जाणार नाही तिथे काय प्याल? मी माझीच सवय लिहून मोकळी झाले. ‘सहा वाजता चहा. दूध घालून, आलं ठेचून.’

पुढच्या सोमवारी व्हिसा आला. दातारसाहेबांना फोन केला. ते खूश.

‘वा! आता ते पोर्तुगाल काढून टाका. पाच नि पाच, आपलं ठरल्याप्रमाणे.’

फुकट कॅन्सल करायची मुदत गुरुवारी संध्याकाळपर्यंत होती. मी स्क्रीन उघडली, बटणावर माउस नेला. हे बटण मी किती वेळा दाबलं असेल, याला गणती नाही. पण या वेळी वाटलं, बाईने तीनदा विचारपूस केलीय, निदान दोन शब्द बोलून मग उडवावं. असलं मला कधी वाटत नाही. मी फोन लावला.

मी कुठून बोलतेय ते सांगताच पलीकडून आवाज आला, ‘आल्याच्या चहाच्या बाई!’

ग्रासाबाईंचं इंग्रजी सावकाश, एकेक शब्द निवडून. म्हणाल्या, ‘बरं झालं फोन केलात. एक सांगते, रागावू नका. तुमच्या भागातून माझ्याकडे बरीच बुकिंग येतात आणि व्हिसा झाला की जातात. मला ते कळतं. म्हणून मी प्रत्येकाला प्रश्न पाठवते. पायऱ्या किती, जेवता काय. ज्यांना यायचं नसतं ते उत्तर देत नाहीत. मग मी ती खोली दुसऱ्याला देऊन टाकते. तुम्ही तिन्ही प्रश्नांना उत्तर दिलंत.’

मी कॅन्सलच्या बटणावरून माउस बाजूला केला.

‘तळमजल्यावर माझी एकच खोली आहे,’ त्या पुढे म्हणाल्या. ‘दर वर्षी याच आठवड्यात पोर्तोहून एक म्हातारं जोडपं तिथे उतरतं. या वेळी त्यांना नाही म्हटलं. ते आता लेकीकडे जाणार आहेत. तुमची माणसं येणार ना?’

सांगायला हवं होतं, की नाही येणार, मला माफ करा. पण मला इतकी लाज वाटली, की ते शब्द ओठांवर येईनात.

‘येणार,’ मी म्हटलं.

फोन ठेवला. आतापर्यंत खोटं कागदावर होतं, आता मी तोंडाने बोलले होते. ते खरं करायला माझ्याकडे तीन दिवस होते.

सिराजभाईंच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

‘काय झालां त्यात? कॅन्सलेशन फ्री आहे ना?’

‘फ्री आपल्याला आहे, सिराजभाई. तिला नाही.’

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, ‘क्लायंटला विचारा. पण जबरदस्ती नको. तीस वर्षं राबलाय तो माणूस, त्याची ट्रिप आहे.’ बरोबर होतं त्यांचं. म्हणूनच पंचाईत होती.

दातारसाहेबांना फोन करून सगळं सांगितलं, फाइलप्रमाणेच जाल का विचारलं. साइटवर होते, मागे मशिनचा आवाज. ‘शुभांगीबाई, ती हॉटेलवाली माझी कोण लागते?’ असं त्यांनी आधी विचारलं. मग जरा बाजूला गेले असावेत, आवाज कमी झाला. ‘हे बघा. लग्नाच्या वर्षी हिला म्हटलं होतं, तुला बर्फ दाखवीन. आणि आणून ठेवली कुठे, तर मेसईदला. आता ही शेवटची संधी. त्यातले पाच दिवस मी कुठल्यातरी खेड्यात घालवू?’

पोर्तुगालचा व्हिसा घेऊन पोर्तुगालला फिरकलाच नाहीत तर विमानतळावर अडवू शकतात, असं सांगून त्यांना घाबरवता आलं असतं. पण अठरा वर्षं ‘काही होत नाही हो’ असं सगळ्यांना मीच सांगत आले होते. ‘बघते’ म्हणून फोन ठेवला.

बुधवारी दुपारी पासपोर्ट न्यायला वैजयंतीताई आल्या. मेट्रोने, काठी टेकत. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. मी पासपोर्ट हातात दिले, पाणी दिलं. त्या उठायला लागल्या तशी मी म्हटलं, ‘ताई, एक दाखवू?’ आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

त्यांनी चष्मा लावला. माझी ती ‘खास विनंती’, ग्रासाबाईंचे मेल, सगळं सावकाश वाचलं. पायऱ्यांचा मेल दोनदा वाचला. डमी बुकिंग म्हणजे काय आणि फोनवर मी काय बोलून बसले, तेही सांगून टाकलं. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

‘शुभांगी,’ त्या म्हणाल्या, ‘ऑपरेशन झाल्यापासून सगळे विचारतात, आता बरं आहे ना? मी म्हणते, बरं आहे. पायऱ्या किती चढतेस, असं अजून कुणी विचारलं नव्हतं गं.’

त्यांनी चष्मा काढून पर्समध्ये ठेवला. मग म्हणाल्या, ‘आपल्या फाइलमध्ये काय लिहिलंय?’

‘पाच रात्री एव्होरा, तीन स्वित्झर्लंड, दोन पॅरिस.’

‘मग तसंच जाऊ. बर्फ काय, तीन दिवसांतही दिसतो.’

‘आणि साहेब?’

‘त्यांना मी बघते. तू फक्त ते बटण दाबू नकोस.’

गुरुवारी मुदत संपेपर्यंत माझा जीव टांगणीला होता. साडेचारला दातारसाहेबांचा फोन आला. ‘तुम्ही दोघींनी मिळून मला कोपऱ्यात घेतलंत,’ म्हणाले, ‘चालेल. पण जेवण वाईट निघालं तर तुमच्या नावाने शंख करीन.’ अठरा वर्षांत माझा पहिलाच डमी क्लायंट, जो फाइलप्रमाणे गेला.

परत आल्यावर महिन्याभराने वैजयंतीताई ऑफिसात आल्या. सामान बांधायला सुरुवात झाली होती, पण मुद्दाम वेळ काढून आल्या आणि एव्होराचं सगळं सांगत बसल्या. गल्लीत टॅक्सी जात नाही, म्हणून ग्रासाबाई वेशीपाशी हातगाडी घेऊन उभ्या होत्या. पांढऱ्या भिंती, त्यांना खाली पिवळा पट्टा, दगडी फरशीचा रस्ता. खोलीपर्यंत तीन पायऱ्या. तिथे नवाकोरा लाकडी कठडा, अजून वार्निशचा वास येत होता. ब्रेड दातारसाहेबांना चावेना. पण गावात जुना, उंच कमानींवरून पाणी आणणारा पाट आहे आणि कमानींच्या पोटात लोकांनी घरं बांधलीत. तीस वर्षं पाइपलाइन सांभाळलेला माणूस दोन दिवस त्याच्याखाली मान वर करून फिरत होता. हॉटेलच्या बाथरूमचा गळका नळही त्यांनी दुरुस्त करून दिला.

‘आणि बर्फ?’ मी विचारलं.

‘बघितला की. हे रडले. सांगू नकोस कुणाला.’ मग त्या माझ्याकडे रोखून बघायला लागल्या. ‘मला एक सांग, आल्याचा चहा तिला कुणी सांगितला?’

मी खाली बघितलं.

‘अगं, मी कॉफीवाली! आणि ही बाई रोज सहाच्या ठोक्याला दारात ट्रे घेऊन हजर. आलं कुठून आणलं होतं कोण जाणे. इतक्या प्रेमाने आणायची, नको कसं म्हणू? पाच दिवस प्यायले. निघताना मात्र सांगितलं. मग बाकीचंही सांगून टाकलं.’

‘बाकीचं म्हणजे?’

‘सगळं. डमी, फाइल, तू फोनवर काय म्हणालीस ते.’

‘मग?’

‘मग हसली. म्हणाली, चहा मग कुणाचा?’

यानंतर मी साधूसंत झाले, असं नाही. डमी बुकिंग अजूनही करावी लागतात, अपॉइंटमेंट मिळत नाहीत त्याला मी काय करू? पण ‘खास विनंती’ची चौकट आता रिकामी सोडते. हॉटेलवाल्याने काही विचारलं तर उत्तर देत नाही. मध्ये सिराजभाई म्हणाले, ‘त्या एव्होराच्या बाईकडेच टाका की नवीन फाइल, ती रिप्लाय लवकर देते.’ मी नाही म्हटलं. अठरा वर्षांत इतकंच शिकले, की खोटं काम करायची वेळ आलीच, तर ते निदान चोख करू नये. समोरचा विश्वास ठेवतो.

मागच्या रविवारी सकाळी ऑफिस उघडलं, तर पहिला मेल ग्रासाबाईंचा.

‘चहा तुमचा होता, हे कळलं. तुम्हाला किती पायऱ्या चढता येतात?’

या प्रश्नाला उत्तर देणं म्हणजे काय, ते आता मला माहीत आहे. इतकी वर्षं लोकांच्या युरोपच्या फाइली लावते, पण मी स्वतः कधी गेलेले नाही. चार दिवस मेल तसाच ठेवला. गुरुवारी सिराजभाईंच्या टेबलावर रजेचा अर्ज ठेवला. त्यांनी तो वाचला, माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता सही केली.

मग जागेवर येऊन उत्तर लिहिलं: ‘सगळ्या.’