पुढच्या बाकावरनं उठवलं

चर्चमधी रविवारची मिस्सा, म्हंजी प्रार्थना, चालू व्हती. सेक्रेटरीसाहेबांनी मागं वळून मला बोट केलं. बोटानंच बोलवायचे मला. चर्चच्या कमिटीचे सेक्रेटरी ते. जागा त्यांच्या आजोबांनी दिलेली, म्हणून पहिला बाक त्यांचा. बाकाला पितळी पट्टी, पट्टीवर आजोबांचं नाव. मी मागं दाराशी उभी. झाडलोट माझ्याकडं, चर्चशेजारच्या हॉलची चावी माझ्या कमरेला. आधी माझा बाप झाडायचा, मग मी.

गेले वाकून. कानाशी म्हणाले, "यांना मागे घे. आणि नंतर बाक पुसून काढ."

'यांना' म्हंजी फुलमणी, तिचा नवरा आन् सहा महिन्यांची पोरगी. झारखंडवरनं आलेली, अवसरी बुद्रुककडं एका पोल्ट्रीवर कामाला. त्या रविवारी पहिल्यांदाच चर्चला आली व्हती. ठेवणीतली कापडं घालून आली आन् सरळ पहिल्या बाकावर जाऊन बसली.

मी उठवलं त्यांना. व्हय, मीच. खोटं कशाला सांगू? "पीछे बैठो," म्हणलं. फुलमणी गडबडली. "हमारे यहाँ बच्चेवाली आगे बैठती है, दीदी," एवढंच म्हणाली आन् उठली. राग न्हाई, काय न्हाई. उलट तीच माझी माफी मागितल्यागत हसली.

थोड्या वेळानं फादर म्हणाले, "एकमेकांना शांती द्या." साहेबांनी आपल्या बाकापुरते हात जोडले. मागं फुलमणीनं मला हात जोडले. माझे हात वर व्हईनात.

सात वर्सांची असताना याच बाकावरनं माझ्या आईला उठवलेलं मी बघितलंय. साहेबांच्या बापानं उठवलं. आई तापानं फणफणलेली, म्हणून नुसती टेकली व्हती. "ही झाडायची माणसं हितं कशी?" भर मिस्सात. आई उठली, तिचा पदर धरून मी उठले. घरी आल्यावर म्हणाली, "बाकाला काय सोनं लागलंय व्हय?" आन् चुलीकडं तोंड करून लई वेळ बसली. ते मी जन्मात इसरणार न्हाई, असं सगळ्यांना सांगत आले. इसरलेच व्हते की! न्हाईतर त्या पोरीला उठवलं असतं का?

त्या दिवशी बाक पुसला न्हाई. आठवड्यात पोल्ट्रीवर गेले, माफी मागायला. तिथं बघते तर काय! शेडमागं पत्र्याची खोली, चारी बाजूंनी ऊस, आन् खोलीला दारच न्हाई. दाराच्या जागी पोतं टांगलेलं. दोन दिवसांमागं दिवस मावळायच्या आत बिबट्यानं त्या पोत्यापुढलं कुत्रं उचललं व्हतं. पोरगी तिथनं चार हातांवर झोपलेली. तेव्हापासनं फुलमणी तिला पाठीला बांधूनच काम करत व्हती, खाली ठेवायचं नाव न्हाई.

मालकाला विचारलं. म्हणला, "कोंबड्यांचा लॉट निघाला की बसवतो दार. येवढं काय बाई, बिबट्या रोजचाच हाय." कोंबड्यांच्या शेडला मात्र जाळी, दार, कडी, सगळं व्हतं.

पुढच्या रविवारी मिस्सा झाल्यावर ऑफिसात गेले. साहेब खुर्चीत, फादर खिडकीपाशी. म्हणलं, "साहेब, हॉल रिकामाच पडलाय. दार बसंपर्यंत त्या तिघांना झोपू द्या. तान्ही पोर हाय."

"हॉल आपल्या लोकांसाठी आहे."

"ती बी कॅथलिकच हायेत."

"असतील. आज हे तिघे, उद्या अख्खी पोल्ट्री येईल. आणि तू कोण ठरवणारी? तुझं काम झाडायचं. चावी ठेव इथे." बोट टेबलावर.

मी फादरांकडं बघितलं. "कमिटीचं ऐकावं लागतं, बाई," ते म्हणाले. माणूस भला, पण मान खाली घालून बोलला. मला लई चीड आली त्या मानेची.

हे काम गेलं तर खायचं काय, हाच विचार डोक्यात. चावी सोडली कमरेची. सवयीनं हात टेबलाकडं गेला बी. तेवढ्यात बाहेर फुलमणी दिसली. पायरीच्या खाली, चपला काढून उभी, पाठीला पोरगी. एकदा उठवलेलं माणूस पायरी बी चढत न्हाई. हे मी केलं व्हतं, दुसऱ्या कुणी न्हाई.

मूठ आवळली. "न्हाई देत," म्हणलं. "आन् मला अगं-तुगं करू नका. तुमच्यापेक्षा दोन वर्सांनी मोठी हाय मी."

भर दुपारी सगळ्यांच्या देखत हॉल उघडला. आठ दिवस ती तिघं तिथं झोपली. नवव्या दिवशी दाराला नवं कुलूप लागलं आन् माझं काम गेलं. आमच्याच आळीतल्या बाया म्हणल्या, "परमुलखातल्या माणसांपायी आपल्यांशी वाकडं घेतलंस." घेतलं. आता ती तिघं माझ्या घरात हायेत. जुनी चावी अजून माझ्या कमरेला हाय. तिनं काहीच उघडत न्हाई, पण काढली न्हाई.

तो लॉट निघून गेला. नवी पिल्लं आली. खोलीला दार काही बसलं न्हाई. तिथं आता दुसरं जोडपं आणलंय, ओडिशाचं. त्यांच्याजवळ बी लेकरू हाय, आन् पोतं तेच. या रस्त्याला आणखी तीन पोल्ट्र्या फिरून बघितल्या. दोन ठिकाणी दार न्हाई.

उद्या सकाळी मालकाच्या उंबऱ्यावर जाऊन बसणार हाय. फुलमणी म्हणली, मी बी येते. सुतार येऊन दाराचं माप घेईस्तोवर हलणार न्हाई. मग दुसऱ्या मालकाकडं, मग तिसऱ्या. फादरांना निरोप धाडलाय, यायचं तर मान वर करून या.

मी एकदा माणसं उठवली. आता मला उठवून बघा.