गोष्ट तिची, नाव भावाचं

मित्रमैत्रिणींनो, आज दुपारपासून कशातच मन लागत नाहीये.

मी नाशिकच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवते. आज वर्गात सांगत होते, की इंग्रजीतल्या काही थोर कादंबऱ्या बायकांनी लिहिल्या, पण त्या काळी पुरुषाचं नाव लावून छापाव्या लागल्या. "आता ते दिवस गेले," असंही म्हणाले.

तास संपल्यावर सातपूरची एक विद्यार्थिनी थांबली. मोबाइलवर एका इंग्रजी मासिकातली कथा दाखवून म्हणाली, "मॅडम, ही माझी." पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये राबणाऱ्या तिच्या मावशीची कथा. मी उभ्याउभ्याच वाचली. फार सुंदर होती. नाव मात्र तिच्या भावाचं.

"पप्पा म्हणाले, तुझ्यासाठी स्थळं बघतोय. मुलगी घरातलं चव्हाट्यावर मांडते, असं कोणी म्हणायला नको."

"मी बोलू का त्यांच्याशी?"

"नको मॅडम. मग लिहिणंच बंद होईल."

निघताना तिनं सांगितलं, की नातेवाइकांनी भावाचं खूप कौतुक केलं, आणि पेढे आणायला पप्पांनी तिलाच पाठवलं.

तुमच्या घरातली मुलगी लिहीत असेल, तर तिचं नाव छापू द्याल ना?