सायकियाट्रीतल्या चौघांचं एकमत

चार सायकियाट्रिस्ट एका टेबलाभोवती बसले, की चहा येईपर्यंत पाच मतं तयार असतात! नाशिकच्या आमच्या मेडिकल कॉलेजात 'पेशंटशी बोलायचं कसं, हे सगळ्यांनी एकसारखंच शिकवायचं' असं निघालं आणि दर बैठकीला एक किस्सा जमा होत गेला. टेबलाभोवती आम्ही चौघं: विभागप्रमुख जोशी मॅडम, देवळ्याचे डॉ. पगार, डॉ. शेख आणि मी.

पहिला मुद्दा, पेशंटला मध्येच तोडायचं नाही. पगारांचा कडाडून विरोध. "ओपीडीत एवढी गर्दी! कुणाकुणाचं ऐकत बसणार?"

मॅडमनी वाद घातलाच नाही. नुसत्या मान हलवत विचारत राहिल्या, "बरं... आणि?" पगार गर्दीवरून थकव्यावर आले, थकव्यावरून वडिलांच्या आजारपणावर. शेवटी स्वतःच म्हणाले, "कुणी ऐकून घेतलं की बरं वाटतं, हे मात्र खरंय."

बाहेर आल्यावर माझा दंड धरून म्हणाले, "अहो, बाईंनी पेशंटसारखी माझीच हिस्ट्री घेतली की!"

*

मग सुरुवात कशी करायची? "काय त्रास होतो?" नको, "कसे आहात?" विचारा, असा शेखांचा आग्रह. दुसऱ्याच दिवशी त्यांनी चांदवडच्या एका शेतकऱ्याला तसं विचारलं.

"मी बरा हाय. तुम्हीच लय दमल्यासारखे दिसता, डॉक्टर."

शेख विरघळले. बदलीची टांगती तलवार, मुलीची बारावी, सगळं सांगून झालं. शेवटी त्याची बायको म्हणाली, "आता यांच्या झोपेचं बघता का?"

*

नातेवाइकांशी बोलताना इंग्रजी शब्द वापरायचे नाहीत, यावर चक्क वाद झाला नाही. मॅडम खूश. "ग्रेट! रिझोल्यूशन युनॅनिमसली पास्ड!"

"मॅडम, मराठीत," पगार म्हणाले.

*

खरी जुंपली ती एकाच प्रश्नावर: घरच्यांना आत ठेवायचं की बाहेर?

त्याच सुमारास घोटीची एक तरुण बाई वॉर्डात दाखल झाली. बाळंतपणानंतर तिचं बोलणंच बंद झालं होतं. जेवण नाही, बाळाकडे बघणं नाही. काहीही विचारा, उत्तर सासूच द्यायची. आम्ही सगळेच काळजीत होतो.

राउंडला चौघंही तिच्या कॉटपाशी उभे. मॅडम म्हणाल्या, "सासूबाईंना जरा बाहेर बसू द्या."

"नको, एकटी पडेल, घाबरेल," पगार म्हणाले.

"त्यापेक्षा तिच्या आईला बोलवू या," शेख.

मीही माझं मत टाकलं. आवाज चढत गेले. सासू बिचारी उठायची, बसायची, पुन्हा उठायची. कुणाचं लिहून घ्यावं, या पेचात विद्यार्थी.

तेवढ्यात कॉटवरून बारीक आवाज आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"आधी तुमचं ठरवा. मंग मी बोलते."