शेजारच्या बाल्कनीतली दुपटी

ग्रुपवरच्या आयांनो,

गेल्या आठवड्यात मी इथे मेल टाकली होती की ओमच्या उलट्या थांबल्या. ते खरं नव्हतं. मलाही आज दुपारीच कळलं.

बेलापूरच्या ऑफिसात वीज गेली, म्हणून लवकर घरी आले. सोसायटीच्या गेटमधून वर पाहिलं तर शेजारच्या वहिनींच्या बाल्कनीत ओमची दुपटी वाळत होती.

घरात माझ्या आईने त्याला दूध पाजून लगेच झोळीत घातलं होतं. पाजल्यावर अर्धा तास खांद्यावर उभं धरायचं, मगच झोपवायचं, हे डॉक्टरांनी तिच्यासमोर सांगितलं होतं.

"झोळीत कसा गप झोपतो बघ," आई म्हणाली. "ओकतो थोडं. कुठलं पोर ओकत नाही? तुम्ही भावंडं झोळीतच वाढलात."

"आणि दुपटी वहिनींकडे?"

"जावईबापूंनीच सुचवलं. तुला घोर नको म्हणून."

आईचा झोळीवर विश्वास आहे, ते मी समजू शकते. पण उलट्या थांबल्या, या माझ्या सांगण्यावरून डॉक्टरांनी औषध थांबवलं, तेव्हा माझा नवरा महेश माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला होता. मग वजन का वाढत नाही, असं त्यांनी विचारलं, तेव्हाही तो गप्प राहिला.

संध्याकाळी मी एकटीच डॉक्टरांना खरं सांगून आले. औषध पुन्हा सुरू झालं आहे.

उद्या मला ऑफिसला जायचं आहे. तुम्ही घरी नसताना बाळाचं काय झालं, हे तुम्हाला कोण सांगतं? आणि ते खरं आहे, हे तुम्ही कशावरून धरता?