देणगीदारांची पाटी

माझे सासरे इतिहासाचे शिक्षक होते. सांगलीजवळच्या एका शाळेत त्यांनी उभा जन्म दहावीला इतिहास शिकवला आणि निवृत्तीनंतर वर्ग उरला नाही म्हणून घरच्यांना शिकवला. जर्मनीत आमच्याकडे पहिल्यांदा दोन महिने राहायला आले, तेव्हा नवऱ्याने त्यांच्यासाठी राजवाडे, किल्ले, मोठमोठी म्युझियमं अशी जंगी यादी करून ठेवली होती. त्यांनी ती चष्मा लावून वाचली आणि घडी घालून परत दिली. "हे सगळं टीव्हीवर दिसतं रे. तुमच्या तालुक्यात काय आहे ते दाखवा."

आमचा तालुका म्हणजे नेकारसुल्म शहरापासून तासाभरावरचा एक छोटासा लांडक्राइस. द्राक्षांचे मळे, कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या कंपन्या आणि गावागणिक एक हाइमाटम्युझियम, म्हणजे त्या गावाचं स्वतःचं म्युझियम. ते महिन्यातल्या एखाद्या रविवारी दुपारी दोन ते पाच उघडतं. दाराशी कोणीतरी पेन्शनर आजोबा किंवा आजी पैशांची पेटी घेऊन बसतात. आत लोकांच्या माळ्यांवरून उतरवलेल्या वस्तू मांडलेल्या असतात आणि प्रत्येक वस्तूखाली चिठ्ठी असते, फक्त जर्मनमध्ये.

नवरा त्या महिन्यांत कारखान्यातल्या नव्या लाइनच्या कामात रविवारीही अडकलेला. सासूबाईंचे गुडघे त्यांना घराबाहेर पडू देत नव्हते. तेव्हा गाडी चालवायला मी, आणि चिठ्ठ्या वाचायलाही मीच. नऊ वर्षांची आमची लेक सोबत असायची, पण पाच मिनिटांत "लांगवाइलिग", कंटाळवाणं, असं जाहीर करून अंगणात जाऊन बसायची.

आता माझ्या जर्मनविषयी. मी बी-टूची, म्हणजे कामापुरत्या भाषेची, परीक्षा पास झालेली, ऑफिसात दिवसभर "जा, गेनाऊ", म्हणजे हो, बरोबर, करणारी बाई. घरमालकाशी फोनवर भांडू शकते. पण दोनशे वर्षांपूर्वी जवसाच्या काडीचे धागे सोडवायला काय वापरत, ते शब्द माझ्या ऑफिसात कोण बोलतो? पहिल्याच म्युझियममध्ये लाकडी फळीवर उभे खिळे ठोकलेलं एक अवजार होतं. बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, विचारलं, "हे काय गं?" मी चिठ्ठी वाचली, काही कळलं नाही, आणि बेधडक सांगितलं, "घोड्याची शेपटी विंचरायची फणी." त्यांनी वहीत तिचं चित्र काढलं. संध्याकाळी सांगलीला फोन लावून म्हणाले, "आमची सूनबाई जर्मन घडाघडा वाचते." त्यानंतर मला माघार घ्यायची सोय राहिली नाही. खरं सांगायचं तर घ्यायचीही नव्हती. ते कौतुक मला गोड लागलं होतं.

मग मी सुटलेच. कळलं ते सांगायचं, न कळलेलं रचायचं. फोन काढून शब्द तपासणं दोन मिनिटांचं काम होतं, पण फोन काढला तर घडाघडा कसलं? एकदा बाबांनी विचारलं, "दुसऱ्या महायुद्धाच्या काही खुणा आहेत का इथे? ज्यूंच्या वगैरे? दहावीला तो धडा मी इतकी वर्षं शिकवला." मी स्टिअरिंगवरून म्हटलं, "इथे खेड्यात कुठलं, बाबा. ते सगळं बर्लिनकडे." मला माहीत नव्हतं. माहीत नाही असं म्हणायला काय झालं होतं मला?

ते म्युझियम आम्ही जूनच्या शेवटच्या रविवारी पाहिलं. दिवसातलं तिसरं. दगडी, उंच खिडक्यांची इमारत, खाली नांगर आणि द्राक्षं पिळायचा चरक. पाच वाजायला दहा मिनिटं होती. माझे पाय दुखत होते, लेक अंगणातून हाका मारत होती. दाराशी बसलेले आजोबा म्हणाले की वरचा मजला जरूर बघा. त्यांनी आणखीही बरंच काही सांगितलं, मी मान डोलावली आणि बाबांना म्हटलं, "वरही थोडं आहे म्हणतात."

वर जवळजवळ काहीच नव्हतं. रिकामी खोली, एक बाक आणि भिंतीवर काचेची मोठी पाटी. वर लिहिलं होतं, "आमचे शेजारी". खाली नावांच्या ओळी, प्रत्येक नावापुढे एक साल आणि एका गावाचं नाव. तळाशी बारीक अक्षरांत मजकूर. तो मी वाचला नाही. मी ऑफिसच्या ग्रुपवर आलेला मेसेज वाचत होते.

बाबांना रोमन अक्षरं येत होती. त्यांनी दोन-चार नावं वाचली आणि विचारलं, "हे देणगीदार का गं? आपल्याकडे देवळात असतात तसे?"

"हो, बाबा."

"आणि पुढे गावं? रीगा म्हणजे?"

"तिकडे राहायला गेले असतील. मूळचे इथले."

"म्हणजे आपली मुंबईकर मंडळी गावच्या देवळाला देणगी पाठवतात, तसंच." ते हरखून गेले. नवऱ्याने दिलेल्या जुन्या कॅमेऱ्याने त्यांनी पाटीचा फोटो काढला. मग टोपी काढून त्या नावांना नमस्कार केला. "गाव सोडलं, पण गावाला विसरले नाहीत," असं म्हणाले आणि वहीत तसं लिहूनही घेतलं. रात्री जेवताना सगळ्यांना सांगितलं, नातीलाही. मी पोळ्या वाढत होते.

नोव्हेंबरमध्ये लेकीच्या वर्गाची त्याच इमारतीत सहल गेली. सोबत दोन पालक हवे होते, मी हात वर केला. बाईंनी मुलांना वर नेऊन पाटीसमोर बसवलं आणि शांतपणे सांगितलं की ही इमारत पूर्वी सिनेगॉग होती, ज्यू लोकांचं प्रार्थनाघर. पाटीवर आहेत ते या गावचे ज्यू शेजारी. त्यांना घरांतून बाहेर काढून आगगाडीत घातलं आणि नेऊन मारलं. नावापुढे आहे ते त्यांचं जन्मसाल आणि जिथे नेलं ते ठिकाण. रीगा. इझबित्सा. मग एकेका मुलाने उठून एकेक नाव मोठ्याने वाचायचं होतं. माझ्या लेकीच्या वाट्याला तिच्याच वयाची एक मुलगी आली.

नाव वाचून ती माझ्याजवळ आली आणि जर्मनमध्ये कुजबुजली, "पण आजोबा तर म्हणाले होते, यांनी पैसे दिले."

मी म्हटलं, "आजोबांचा गैरसमज झाला असेल."

हे लिहितानाही माझे कान तापतात. खोटं बोलून सहा महिने झाले नव्हते, आणि ते मी सरळ त्या म्हाताऱ्या माणसाच्या माथी मारलं. लेकीने माझ्याकडे पाहिलं. तिला ते पटलं नव्हतं.

डिसेंबरात बाबांचं त्यांच्या ज्येष्ठ नागरिक संघात व्याख्यान ठरलेलं होतं, जर्मनीतल्या खेड्यांवर, फोटोंसह. दर शनिवारी त्यांचा फोन येई. "सूनबाई, त्या चरकाला काय म्हणायचं? त्या गावाचा उच्चार कसा?" तीन शनिवार माझ्या हातात होते. पहिल्या शनिवारी पाहुणे होते. दुसऱ्या शनिवारी त्यांना खोकला झाला होता, म्हटलं आजारी माणसाला कशाला. तिसऱ्या शनिवारी काहीच नव्हतं. ते बोलत राहिले, मी हं हं करत राहिले. मला भीती शिक्षेची नव्हती. ज्या माणसाने माझ्या वाचण्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला, तो यापुढे ठेवणार नाही, ही भीती होती.

व्याख्यान आम्ही इथून लॅपटॉपवर पाहिलं. बाबा इस्त्रीचा सदरा घालून उभे होते. शेवटचा फोटो त्या पाटीचा. त्यांनी तो पडद्यावर मोठा केला आणि म्हणाले, "या लोकांनी गाव सोडलं, पण गावाला विसरले नाहीत. आपणही यातून काही शिकावं." टाळ्या पडल्या. लेक उठून तिच्या खोलीत गेली. मी माइक चालू केला आणि म्हटलं, "छान झालं, बाबा."

चार दिवसांनी मी फोन केला आणि सगळं सांगितलं, नवऱ्यालाही जवळ बसवून. काहीच हातचं राखलं नाही, घोड्याची फणीसुद्धा. सांगताना रडले.

बाबा म्हणाले, "ती सालं म्हणजे जन्मसालं?"

"हो."

"मला वाटलं, देणगी दिल्याचं साल. म्हणजे त्यात लहान मुलं होती."

"हो, बाबा."

"मी नमस्कार केला ते एक बरं झालं," ते म्हणाले आणि फोन सासूबाईंकडे दिला.

पुढच्या महिन्याच्या बैठकीत त्यांनी उभं राहून खुलासा केला. मी विनवलं होतं की माझी चूक आहे असं स्पष्ट सांगा. ते म्हणाले, न तपासता वर्गात सांगितलं तर चूक शिक्षकाची. तिथे त्यांनी काय सांगितलं, ते मला सासूबाईंकडून कळलं. "पाटी वाचण्यात माझी चूक झाली," असं म्हणाले आणि माफी मागितली. माझं नाव घेतलं नाही. एका सभासदाने हसून शेरा मारला, "मास्तर, वय झालं आता." ते ऐकून घेतलं त्यांनी. सासूबाईंनी हे मला अगदी सहज सांगितलं.

त्या हिवाळ्यात मी त्या इमारतीत सहा वेळा गेले. दाराशी बसणाऱ्या आजोबांना सगळं सांगितलं, त्यांनी एरवीच्या दिवशीही दार उघडून मला गावाची जुनी कागदपत्रं वाचायला दिली. अडलेला प्रत्येक शब्द मी विचारला. कोणाचं कापडाचं दुकान होतं, कोण गुरांचा व्यापार करायचं, कोणतं घर कोणाचं, सगळं शिकले. बाबा पुन्हा येतील तेव्हा त्यांना नीट, खरं सांगायचं होतं. त्याने भरपाई होईल असं मी मनात धरलं होतं.

ते मे महिन्यात आले. माझ्याशी पूर्वीसारखेच प्रेमाने वागले, माझ्या हातची आमटी मागून घेतली. म्युझियमला जाऊ या असं स्वतःच म्हणाले. या खेपेला त्यांच्याकडे नवा फोन होता. चिठ्ठीसमोर धरला की त्यावर भाषांतर उमटायचं. खालच्या मजल्यावर त्यांनी एकेका चिठ्ठीसमोर तो धरला, थांबून वाचलं, वहीत लिहिलं. मी दोनदा पुढे झाले. "बाबा, मी सांगते ना."

"राहू दे गं. तुला कशाला त्रास? गाडी चालवून दमली असशील."

आवाजात राग असता तर मला सोसला असता. राग अजिबात नव्हता.

वर गेल्यावर ते मला म्हणाले, "तू बस बाकावर." मी बसले. त्यांनी टोपी काढली आणि फोन पाटीसमोर धरला. खालचा बारीक मजकूर संपूर्ण वाचला. नावांवर धरल्यावर मात्र फोनला काही करता येईना, नावांचं भाषांतर होत नाही. त्यांनी फोन खिशात ठेवला आणि अंगणात खेळणाऱ्या नातीला हाक मारून वर बोलावलं.

"ये बाळ. हे नाव कसं म्हणायचं? मला चुकायला नको."

तिने म्हणून दाखवलं. त्यांनी तिच्या मागोमाग म्हटलं, चुकलं, तिने पुन्हा सांगितलं, त्यांनी पुन्हा म्हटलं. मग दुसरं नाव. अशी ती दोघं पाटीच्या पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत गेली, आणि मी बाकावर बसून ऐकत होते. त्यातलं प्रत्येक नाव मला पाठ होतं.