याडीचा हुंकार

लिहायला कोणाकडून शिकलात असं कोणी विचारलं की माझी पंचाईत होते. खरं सांगावं तर जिला अक्षरओळख नाही अशा बाईकडून. हे ऐकलं की लोक हळवं तोंड करतात, आणि ते तोंड मला अजिबात आवडत नाही. यात हळवं काही नाही. आमच्या बंजारा तांड्यात गोष्ट सांगणाऱ्यासमोर एक जण हुंकार द्यायला बसतो. दर वाक्याला त्यानं 'हूं' म्हणायचं, मग सांगणारा पुढं जातो. हूं आलं नाही तर सांगणाऱ्यानं मागं यायचं. आमची याडी, म्हणजे माझी आई, हुंकार द्यायला फार खट. तिच्यासमोर बसायला तांड्यातले जुने सांगणारेही कचरायचे.

आर्णीला माझं बी-बियाण्याचं दुकान आहे. सकाळी दहा ते साडेअकरा गिऱ्हाईक फिरकत नाही, तेवढ्यात मी लिहितो, कंपन्यांनी फुकट वाटलेल्या डायऱ्यांमध्ये. समोरचा पानठेलेवाला अधूनमधून विचारतो, "भाऊ, कायले लिहून राह्यले? काही भेटते का त्याच्यातून?" काही भेटत नाही हे त्यालाही माहीत आहे. रविवारी गाडी काढून तांड्यावर जायचं आणि आठवड्याचं लिखाण याडीला आमच्या बोलीत सांगायचं. हूं थांबलं की तिथं पेन्सिलची खूण. दुकानात येऊन ते वाक्य कापायचं. एकदा मी पानभर आभाळाचं वर्णन केलं होतं, तर ती मधेच उठून कोंबड्या हाकलायला गेली. एकदा कापूस वेचता वेचता रडणारी बाई लिहिली. "वेचणीत रडाले टाइम कोणाले असते?" म्हणाली. अशी वीसेक वर्षं गेली. मला राग यायचा, पण बहुतेक वेळा तिचंच खरं निघायचं.

मागच्या हिवाळ्यात धाकटा भाऊ गेला. वणीकडं कोळशाचा ट्रक चालवायचा, तो उलटला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला तांड्यावर आणलं. मला काहीच वाटलं नाही. मोठेपणा म्हणून सांगत नाही, जसं झालं तसं सांगतो. ॲम्बुलन्सवाल्याला वळण दाखवलं, मांडववाल्याच्या खुर्च्या उतरवून घेतल्या, मारेगावहून येणाऱ्या पाहुण्यांना फोनवर रस्ता सांगितला. भावाच्या एकाच पायात मोजा होता, तो बघून ठेवला. तेराव्यानंतर दुकान उघडलं आणि दहा वाजता तो मोजा लिहून काढला. हात कुठं अडला नाही. लोक म्हणाले, मोठा भाऊ धीराचा निघाला. बायको मात्र जेवताना माझ्याकडं बघत राहायची. मी जेवत होतो, झोपत होतो, दुकान चालवत होतो. अजूनही तसंच चाललंय.

पावसाळाभर त्याच्यावर बारा पानं लिहिली. एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी मागितली होती, सोमवारी पाठवायची होती. पण पानं कोरडी होती, बिनमिठाच्या वरणासारखी. शेवटी मी त्यात एक वाक्य घातलं, 'त्याच्या छातीवर डोकं ठेवून मी हमसून हमसून रडलो.' त्याबरोबर लेख लेखासारखा दिसायला लागला. मला माझी किळस आली. वर्षभरात मला काही जाणवलं असेल तर तेवढंच. तरी वाक्य काढलं नाही. मी त्याचा भाऊ होतो की नुसता त्याच्यावर लिहिणारा, हे मला ठरवता येईना, आणि ते वाक्य असलं की भाऊ असल्यासारखं वाटायचं.

रविवारी गेलो. याडी ओट्यावर बरबटीच्या शेंगा सोलत होती. ते एक वाक्य तिला सांगायचंच नाही, असं मी रस्त्यात ठरवलं होतं. तिला थोडंच वाचता येतं. मी सांगायला लागलो. ट्रक आला, हूं. फोन आला, हूं. ॲम्बुलन्स, मांडव, पाहुणे. मोज्याशी ती अडेल असं वाटलं होतं, पण तिथंही हूं आलं, थोडं उशिरा. मग ते वाक्य आलं आणि काय झालं कोण जाणे, मी ते सांगून टाकलं.

हूं आलं नाही. तिचे हात शेंगा सोलत राहिले. मी पेन्सिल काढली.

"तू त रडला नव्हता," ती म्हणाली.

"नाही."

"खुर्च्या उतरवून राह्यला होता."

"हो."

"काहून?"

हे मला वर्षभरात कोणी विचारलं नव्हतं. "मालूम नाही, याडी," मी म्हणालो. "मले काही वाटूनच नव्हतं राह्यलं. आजही नाही वाटून राह्यलं. तो गेला हे मले मालूम हाये, बस तेवढंच." बोलताना माझा आवाज बी-बियाण्याचे भाव सांगताना असतो तसाच होता, हे मला ऐकू येत होतं.

तिनं शेंगांचं सूप बाजूला सरकवलं, पदराला हात पुसले. माझ्या पाठीवरून हात फिरवेल असं वाटलं, तसं काही तिनं केलं नाही. मी मान खाली घालून त्या वाक्यावर रेघ ओढायला लागलो, तर तिनं पानावर हात ठेवला.

"राहू दे."

"खोटं हाये ते, याडी."

"मालूम हाये मले." हात तिनं उचलला नाही. "राहू दे. तुहा भाऊ होता तो. कागदावर तरी रड त्याच्यासाठी."